सैल गाठ

गाठ आवळायची नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.
मिरजेत, सतारमेकर गल्लीत, अब्बा दांडीला पडदे बांधायचे
तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या दातांत असायचं.
"जुलेखा, पडदा धरलाही पाहिजे, सरकलाही पाहिजे.
आवळलास की सूर मेला."

विश्रामबागच्या पुढे, फार्मसी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर
सतरा नंबरच्या उंदराची मांडी उघडून
मी त्याच्या सायटिक नसेला चार फेरे घातले.
चारही सैल.
आवटी मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या,
हात कुठे बसवलास गं हा?
मी म्हटलं, घरी.

त्या सैल गाठींत नस हळूहळू सुजते
आणि चौदाव्या दिवशी नुसत्या स्पर्शानं पाय भाजतो.
भाजतो, असं आपण म्हणायचं.
उंदीर काही म्हणत नाही. पाय उचलतो.
माझ्या वहीत त्याची एक उभी रेघ होते.

जाळीखालून मी नायलॉनचे केस टेकवते,
बारीक, मग जरा जाड, मग त्याहून जाड,
प्रत्येकावर ग्रॅमचा आकडा, अब्बांच्या तारांच्या रिळांवर असतो तसा.
केस वाकेपर्यंत दाबायचा. वाकला की थांबायचं.
सतरा दोन ग्रॅमला पाय उचलतो.
अब्बा चादरीला.

गॅबापेंटिन भरपूर दिलं की सतराचा पाय निवतो
पण फिरत्या दांड्यावरून तो लगेच घसरतो,
मऊ, कणकेच्या गोळ्यासारखा.
अब्बांचा डोस वाढवला त्या आठवड्यात
जवारी काढता काढता कानस हातात धरूनच ते झोपले.
एका तंबोऱ्याची घोडी वाकडी घासली गेली.
गिऱ्हाईकाला फोन त्यांनी मला करायला लावला.

दुसऱ्या औषधानं तोंडाला कोरड पडते. ते त्यांनी स्वतःच बंद केलं.

मग थोडं हे, थोडं ते.
मॅडमनी फळ्यावर दोन टोकं जोडून तिरकी रेषा ओढली.
ठिपका रेषेवर आला तर नुसती बेरीज.
रेषेखाली आला तर,
आणि त्यांनी खडू ठेवून दिला.
मला पुढचं ठाऊक होतं.
खर्ज छेडला की तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो,
कुणीच न लावलेला.
लहानपणी तो नेमका कुठे बसलाय ते शोधत
मी भोपळ्याला कान लावून झोपी जायची.

अठ्ठेचाळीस उंदरांचा मिळून एक ठिपका.
गुरुवारी तो रेषेखाली पडला, चांगला बोटभर खाली.
कोळेकर मामा पिंजऱ्याशी वाकून म्हणाले,
"बाई, ह्यो बघा, तोंड धुतोय."
पंधरा ग्रॅमचा केस वाकला
आणि सतरा मिशा पुसत राहिला.

शनिवारी सतराची नस फॉर्मॅलिनमध्ये गेली.
काढताना पाहिलं, गाठी मी बांधल्या तशाच होत्या,
सैलच.
पण सरकत नव्हत्या. नसच फुगून त्यांच्यात बसली होती.

रात्री जेवताना अब्बांनी विचारलं,
तुझ्या उंदराचा पाय?
"राहिला, अब्बा. उचलत नव्हता."
"मग आमचं कधी?"
मी आमटी वाढली.
उंदरापासून माणसापर्यंत किती वर्षं, किती सह्या,
किती ठिपके तिथून इथवर येता येता पुसून जातात,
हे सांगायला मराठीत शब्द आहेत,
मला सापडले नाहीत.

मग त्यांचे पाय मांडीवर घेतले.
त्यांच्याच डब्यातली एक तार तोडली.
नुसत्या चिमटीत धरून तारेचा नंबर सांगणारा हा माणूस,
साखर अकरा वर्षांची.
म्हटलं, डोळे मिटा. कितवी ते सांगा.
अंगठा थोडा थरथरला.
"तीन नंबर," अब्बा म्हणाले, "जरा हलकी टेकव."

मी अजून टेकवली नव्हती.